सोडलेली मेथी

आई, तुझा राग आलाय म्हणून लिहायला बसले आहे. तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. साताऱ्याहून मी पाठवायची ती कार्डं आप्पांच्या नावानं असायची, त्यात तुझ्यासाठी शेवटी एक ओळ, आईला नमस्कार. सगळी नोकरी पोस्टात केलेल्या बाईनं आपल्या आईला एकही पत्र लिहू नये, हे आता मलाच विचित्र वाटतं. पण तेव्हा तुला वेगळं सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. आता आहे, आणि तू जाऊन इतकी वर्षं झालीत की भिंतीवरच्या तुझ्या फोटोचा रंगसुद्धा उडालाय.

आप्पा इथं साताऱ्यात माझ्याकडे आहेत. दिवाळीनंतर गावात गोठ्याच्या दारात घसरून पडले. हाड शाबूत राहिलं, पण कंबर धरली ती धरलीच. दादा पुण्याहून आला, दोन दिवस राहिला आणि मला म्हणाला, तुझ्या घराजवळ दवाखाना आहे, तू रिटायर झालीस, एकटीच असतेस. सगळं खरं होतं. हे गेल्यापासून मी एकटीच असते आणि माझ्या एकटेपणाचा घरच्यांना असा अधूनमधून उपयोग होतो. मी नाही म्हटलं नाही. आतल्या खोलीत त्यांची खाट टाकली, खिडकीतून किल्ला दिसतो म्हणून तीच खोली दिली. त्यांना उठवणं, काठी हातात देणं, न्हाणीपर्यंत नेणं-आणणं, यातलं काही मला जड गेलं नाही. जड गेलं ते त्यांचं जेवण.

आप्पा जेवेनात. दूधभात केला, दोन घास. मऊ खिचडी केली, तीन घास. दशमी केली तर तिचा एक कोपरा मोडून बोटांत फिरवत बसले. दिवे लागायच्या आत जेवायचा त्यांचा नेम अजून तसाच आहे, म्हणून मी घड्याळाकडे बघत साडेपाचला ताट वाढायची आणि सहा वाजता तसंच्या तसं उचलायची. सदऱ्याची गळपट्टी मोकळी झाली, गालांची हाडं वर आली. मला भीती वाटली की हा माणूस हळूहळू अन्नच सोडतोय की काय. सरळ विचारलं, तर म्हणाले, तसलं काही नाही, भूकच नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, यांना दुसरं काही झालेलं नाही, पोटात अन्न गेलं पाहिजे. मागतील ते द्या, मागतील तेवढं द्या. नाहीतर पंधरा दिवसांनी दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. हे आप्पांनी ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "नळी घालून घ्याय मी जायाचा न्हाई." मी म्हटलं, मग काय खाणार ते तरी सांगा. घर आल्यावर म्हणाले, "मेथी कर. तुझी आई करायची तशी."

मला खरंतर आनंद झाला. म्हटलं, मेथी तर मेथी. पुरणपोळी मागितली नाही, बासुंदी मागितली नाही, मागितली ती सुकी मेथी, ताटाच्या कडेला वाढायची मूठभर पालेभाजी. ती काय येत नाही होय मला? तुझ्या हाताखाली वाढले, चाळीस वर्षं स्वतःचा संसार केला. मंडईतून दोन जुड्या आणल्या, निवडल्या, धुतल्या, मूगडाळ भिजवली, हिरव्या मिरच्या मोडून टाकल्या, वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट. आपल्या जैन घरात कांदा-लसूण आजीपासूनच नाही, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. गरम भाकरीबरोबर वाढली. आप्पांनी एक घास खाल्ला, चावला, गिळला आणि ताट सरकवलं. "ही नव्हं," म्हणाले.

त्या दोन शब्दांनी मला किती छळलं, तुला काय सांगू. दुसऱ्या दिवशी डाळ घातली नाही. ही नव्हं. तिसऱ्या दिवशी मूगडाळीऐवजी तूरडाळ घातली, कारण मला आठवलं की तू कधीकधी तूरडाळही घालायचीस. ही नव्हं. मोठ्या पानांची मेथी कडू असते म्हणून पहाटे मंडईत जाऊन बारीक पानांची आणली, मग पानं चिरून केली, मग न चिरता केली, मग झाकण ठेवून, मग न ठेवता. दादाला फोन केला, तर तो म्हणाला मोबाईलवर बघ, सगळ्या रेसिपी असतात. बघितली. त्यात एक बाई मेथीत मलई घालत होती. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, लसूण ठेचून घाला हो, लसणाशिवाय मेथीला चव कुठली. मी इतकी टेकीला आले होते की एक दिवस लसूणही घातला. आप्पांनी आतल्या खोलीतूनच विचारलं, "कुणाकडनं आणलीस भाजी?" त्या दिवशी त्यांनी ताटाला हातही लावला नाही.

राग आप्पांचा येत नव्हता, तुझा येत होता. तू मला काही म्हणजे काही शिकवलं नाहीस. मीठ किती, विचारलं तर अंदाजानं. किती वेळ परतायची, तर बघून. कूट कधी घालायचं, तर कळतंय की. तुला कळत होतं, पण मला कळायची सोय तू ठेवली नाहीस. मी डोळे मिटून तुझं स्वयंपाकघर आठवायचा प्रयत्न करायची. धुरानं काळी झालेली ती भिंत, चुलीच्या डाव्या अंगाला पाटा, आणि दाराशी गोणपाटाच्या चवाळ्यावर ओतलेला मेथीचा ढीग. ढिगापाशी तू बसलीस, की उठणं नाही. एकेक पान उलटं करून बघायचीस, खालच्या अंगाला एखादा किडा चिकटलेला असेल तर ते पान अलगद परसात नेऊन ठेवायचीस. चातुर्मासात आपल्याकडे पालेभाजी बंद ती याच जिवांसाठी, आणि चार महिन्यांनी पहिली मेथी घरात आली की तिच्यावर सगळे तुटून पडायचे. ढीग केवढा, आणि कढईत पडून परतली की उरणार केवढी. लहानपणी मला ते बघायला फार गंमत वाटायची. एवढी भाजी गेली कुठं, असं मी तुला विचारायची आणि तू म्हणायचीस, कढईनं खाल्ली.

आणि तू चव घ्यायची नाहीस. पालेभाजी तुला वर्ज्य होती. मला कळायला लागल्यापासून हे असंच आहे. गावात चातुर्मासाला मुनिमहाराज आले होते, त्यांच्यापुढं तू पालेभाजीचा जन्मभरासाठी त्याग केलास, हे आमच्या घरात अभिमानानं सांगितलं जायचं. कुणी दोडका सोडतं, कुणी वांगं सोडतं, आमच्या सुनेनं सगळ्यात आवडती वस्तू सोडली, असं आजी आल्यागेल्याला सांगायची. म्हणून भाजीचं मीठ बघायचं काम माझं. तू उलथन्याच्या टोकावर चिमूटभर घेऊन फुंकर मारायचीस, माझ्या तळहातावर ठेवायचीस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस. मी उगीच जास्त वेळ चघळायची. तेवढा वेळ अख्खा स्वयंपाक माझ्यावाचून अडलेला असायचा आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

एकदा मात्र मी तुझं ऐकलं नाही. आठवतं तुला? वाटण्या होऊन आपण वेगळे राहायला लागलो होतो, घरात आपण चौघंच. भाजी अशी झाली होती की मी भाकरीच्या तुकड्यावर घेतली आणि तुझ्या तोंडाशी नेली. म्हटलं, एक घास खा की, इथं कोण बघतंय. तू माझा हात असा झटकलास की भाजी भिंतीवर उडाली. "नेम मोडाय लावतीस व्हय मला?" एवढंच म्हणालीस, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. मी रडले होते. मला वाटलं, माझ्या हातून मोठं पाप घडणार होतं आणि तू ते वाचवलंस. कितीतरी वर्षं मी ही गोष्ट तुझ्या श्रद्धेची गोष्ट म्हणून सांगत आले. माझ्या मुलीलासुद्धा सांगितली.

तर, मंडईतल्या मेथीला रासायनिक खताची चव असते, आपल्या शेतातली आणली तर जमेल, असं म्हणून मी परवा गावी गेले. आप्पांपाशी शेजारच्या वहिनींना बसवलं आणि सकाळची सांगलीची एसटी धरली. गावात आता आपलं असं कोणी नाही, काकू तेवढी आहे. तुझी धाकटी जाऊ. पाठीत वाकली आहे, पण अजून परसात दोन वाफे करते आणि येईल त्याला बोलून दमवते. मी मेथी हवी म्हटल्यावर तिनं वाफ्यातली उपटून दिली आणि दोघी पायरीवर निवडत बसलो. आप्पा जेवत नाहीत, आईच्या हातची मेथी मागतात, असं मी सांगत होते. सांगता सांगता सहज म्हटलं, आणि गंमत बघा काकू, जिच्या हातची एवढी आवडायची तिनं स्वतः ती कधी खाल्ली नाही, केवढा मोठा त्याग. काकूनं निवडता निवडता मान वर केली. मी चेष्टा करतेय की काय, असं तिला वाटलं असावं.

"त्याग कसला गं," ती म्हणाली. "तुला ठावं न्हाई व्हय? तुझ्या येळंला दिस गेलं हुतं तिला. मी नवीच हुते घरात. चातुर्मास सरला आन पयली मेथी आली. हिला लय डोहाळं तिचं. दुपारभर निवडत बसली हुती. बाप्ये जेवलं, पोरं जेवली, आत्ती जेवल्या. आमची पाळी आली तवा कढईत त्याल आन दोन मिरच्या. हिनं भाकरीचा तुकडा कढईत फिरवला आन खाल्ला. तेवढंच. आन आत्तींनी ते बघितलं. सगळ्यांम्होरं म्हणाल्या, कढई पुसून खातीया, एवढी जिभंची हाव बरी न्हवं." आत्ती म्हणजे आजी. तुमच्या दोघींची सासू.

काकू पुढं निवडत राहिली. मग तिनं सांगितलं की पुढच्या चातुर्मासात मी तान्ही होते. गावात महाराज आले होते, आणि दर्शनाला जाईल ती बाई काही ना काही नेम घेऊन यायची. काकूनं कारलं सोडलं, कारण ते तिला मुळातच आवडत नव्हतं, हे सांगून ती अजूनही हसते. तू पालेभाजी सोडलीस. जन्मभरासाठी. देवळाच्या पायऱ्या उतरताना काकूनं तुला विचारलं, आगं बाई, हे काय केलंस, तुझा जीव तिच्यात. आणि तू म्हणालीस, "आता बरं झालं. कढईत काय उरलंय ते बघाय नको."

आई, मी त्या पायरीवर बसून राहिले. हातात मेथी होती, ती तशीच धरून. पोटाला न मिळण्याइतकं आपल्या घरात कधी दारिद्र्य नव्हतं. ऊस होता, दोन म्हशी होत्या, भाताची कणगी कधी रिकामी नव्हती. फक्त पालेभाजी परतली की आटते, आणि जेवायच्या रांगेत तू सगळ्यात शेवटी होतीस. एवढ्यासाठी तू जन्मभर ती खाल्ली नाहीस. आणखी एक जुडी उपटून आणली असतीस तर कुणी अडवलं असतं का? कदाचित अडवलं असतं. निदान विचारायचं होतंस. रुसायचं होतंस. माहेरी जाऊन पोटभर खाऊन यायचं होतंस. पण मेलीस तरी मागायची नाहीस तू. तू एका चिमुकल्या अपमानाला देवळात नेलंस आणि त्याचं पुण्य करून आणलंस, आणि मग सगळ्या गावानं तुझं कौतुक केलं, त्या आजीनंसुद्धा. तिला आठवत तरी होतं का, ती काय बोलली होती ते?

एसटीत येताना मला सारखा तो साताऱ्याचा दिवस आठवत होता. मला क्वार्टर मिळाली आणि तू पहिल्यांदा राहायला आलीस. ओल्या फडक्यात गुंडाळून, निवडून, पिशवीभर मेथी आणली होतीस. एवढी कशाला म्हटलं, तर म्हणालीस, आटतीया गं. आम्ही जेवणारी दोन माणसं, मी आणि हे. कढई भरून भाजी झाली. आम्ही दोघांनी पोटभर खाल्ली, तरी अर्धी उरली. तू ताटात भाकरी आणि चटणी घेऊन बसली होतीस. कढई तुझ्या समोर होती. तुझ्यापुढं कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं, सासू तर केव्हाच गेली होती. दुसऱ्या दिवशी भाजीला वास येऊ लागला म्हणून मी ती टाकून दिली, तुझ्या डोळ्यांदेखत. तू म्हणालीस, आगं, म्हशीला तरी घालायची, आणि मी हसले, म्हटलं साताऱ्यात म्हैस कुठून आणू. तुला त्या वेळी काय वाटलं, आई? काही वाटलं की नाही? मला आता या वयात त्या कचऱ्याच्या बादलीचा राग येतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

घरी आले ती धुसफुसतच. दोन दिवस आप्पांशी नीट बोलले नाही. त्यांच्यापुढं पेज ठेवायची, औषध द्यायची, आणि बाहेर यायची. मनात येत होतं, यांना पुन्हा पुन्हा वाढलं कुणी? यांनी एकदा तरी कढईत डोकावून बघितलं का? काकूनं दिलेली मेथी फ्रिजमध्ये मलूल पडत चालली होती. आज सकाळी आप्पांनी पेजही नको म्हटलं. डॉक्टरांनी दिलेले पंधरा दिवस उद्या संपतात. मग मात्र मी चरफडत उठले आणि ती मेथी करायला घेतली. जिरं, मिरची, डाळ, पाला. मीठ घातलं. आणि चव घ्यायला उलथन्यावर चिमूट घेतली, ती तोंडाशी नेववेना. म्हटलं, जाऊ दे, ज्यांना खायचीय त्यांनीच बघावं. तशीच आतल्या खोलीत गेले आणि जरा तोऱ्यातच म्हणाले, "मीठ बघा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग हाताला धरून उठवायचीही वाट न बघता कोपरावर रेलून बसले आणि तळहात पुढं केला. मी चिमूटभर ठेवली. त्यांनी डोळे मिटून ती चघळली. फार वेळ चघळली. "वाईच मीठ घाल," म्हणाले. मी जाऊन घातलं, पुन्हा आणून दाखवलं. "आन कूट?" मी म्हटलं, घालते आता. "घाल की. आता बराबर. तुझी आई आसंच इचारायची." म्हणजे माझं लग्न झाल्यावर मीठ बघायचं काम त्यांच्याकडे गेलं होतं, तू जाईपर्यंत. हे मला कुणी सांगितलं नाही. मी दोन आठवडे डाळी बदलत होते, मंडया पालथ्या घालत होते, लसणाचं पाप केलं, आणि या माणसाला हवं होतं ते एवढंच की कुणीतरी ताट वाढायच्या आधी येऊन त्यांना विचारावं. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. ज्या नेमानं तुझं तोंड बंद झालं, त्याच नेमानं त्यांना रोज मान मिळत होता.

आणि ते जेवले, आई. खाटेवर बसून, ताट मांडीवर घेऊन. अख्खी भाकरी खाल्ली. इतके दिवस पांढरा पडलेला चेहरा जरा माणसात आला. मी समोर स्टुलावर बसले होते. मला वाटलं, आता विचारावं. म्हटलं, आप्पा, आईनं पालेभाजी का सोडली होती, ठाऊक आहे का तुम्हाला?

त्यांनी घास थांबवला. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान मी कधी बघितला नव्हता, माझ्या नोकरीच्या वेळी नाही, दादाच्या घराच्या वेळी नाही. "महाराजांम्होरं नेम घेतला तिनं," म्हणाले. "आवडती चीज सोडायला काळीज लागतंय. आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं न्हाई. मी तर तिच्याम्होरं मनातल्या मनात हात जोडायचो." आणि पुन्हा जेवायला लागले.

काकूचं सगळं बोलणं माझ्या जिभेवर होतं. तेल आणि दोन मिरच्या, तो फिरवलेला भाकरीचा तुकडा, आजीचं ते वाक्य, आणि त्या रांगेत आप्पा पहिल्या पंगतीला होते हे. सांगितलं असतं तर घास तिथंच थांबला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग उद्या दवाखाना, नळी, आणि त्यानंतरचं काय ते. दोन आठवड्यांनी पोटात अन्न चाललेल्या म्हाताऱ्याला ही गोष्ट कुठल्या तोंडानं सांगायची? आणि सांगायची नाही, तर मग तुझ्या बाजूनं कोण बोलणार? तू बोलली नाहीस, काकूनं हसण्यावारी नेलं, दादाला सांगितलं तर तो म्हणेल, जुन्या गोष्टी कशाला उकरतेस. तू माझी अशी कोंडी केलीस की माझा राग मला त्यांच्यावर काढता येत नाही आणि तुझ्यापर्यंत पोचवता येत नाही. मी गप्प बसले. तुझ्यासारखीच गप्प बसले, आणि त्याचाही मला संताप आला.

तेवढ्यात आप्पांनी ताट पुढं केलं. "आनि वाईच वाढ मेथी," म्हणाले. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी काही दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "संपली, आप्पा." ते म्हणाले, बरं, आणि राहिलेला तुकडा ताकाबरोबर खाल्ला. औषध घेतलं आणि आडवे झाले, लगेच डोळा लागला त्यांना.

संपली नव्हती. कढईत चांगली वाटीभर होती. मी ताट वाढून घेतलं, भाकरी घेतली, ओट्याशी उभी न राहता टेबलाशी बसले आणि ती सगळी खाल्ली. मीठ आप्पांच्या अंदाजाचं होतं, मला जरा जास्त लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मागतील तेवढं द्या. उद्या देईन, मीठ बघायलाही विचारेन, त्यांना जगवायचं आहे मला. पण आजची ती वाटी तू असतीस तर त्यांना दिली असतीस. मी नाही दिली, आणि हे सांगायला मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.